पियानो लावणाराचें काम व जुन्या वाद्यांतील पुरावा

(१)

पोथ्या, सनदा व कागदपत्रें यांच्या शोधार्थ जुन्या घरांतून हिंडणाऱ्या संशोधकांस मुंबई, पुणें व गोमंतक या भागांत कधीं कधीं एखादा जुना पियानोही आढळतो. घरच्या मंडळींस त्याचा उपयोग उरलेला नसतो. आलेला पाहुणा त्याच्या एक-दोन पट्ट्या दाबून पाहतो व बेसूर आवाज ऐकून झांकण मिटवितो. मग एक तर तें वाद्य अडगळींत पडून वाळवीच्या स्वाधीन होतें, नाहीं तर कोणी हौशी वारस कारागीर बोलावून तें अगदीं नव्यासारखें करून घेतो. या दोहोंपैकीं कोणत्या मार्गानें अधिक हानि होते हें ठरविणें कठीण आहे. आमच्या मतें जुना पियानो हा एक लेखच होय. ज्यानें ज्यानें तो लाविला किंवा दुरुस्त केला, त्या प्रत्येकाचा हात त्यावर उमटलेला असतो. पोथीवर जसे मूळ लेखकाचे, शोधन करणाराचे व मागाहून समास लिहिणाराचे असे निरनिराळे हात ओळखूं येतात, तसेच येथेंही ओळखूं येतात. हे हात कसे वाचावे व वाचण्यापूर्वींच ते पुसले जाऊं नयेत म्हणून काय करावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे. त्यासाठीं पियानो लावणाराचें काम नेमकें काय असतें तें आधीं समजून घेतलें पाहिजे.

(२)

पियानोचा अगदीं पहिला उल्लेख एका राजवाड्याच्या दप्तरांत सांपडतो. फ्लॉरेन्सचा राजपुत्र फेर्दिनान्दो द मेदिची याच्या संग्रहांतील वाद्यांची सन १७०० मध्यें जी याद करण्यांत आली, तींत बार्टोलोमेओ क्रिस्टोफोरी यानें नव्या कल्पनेनें केलेलें, मंद व मोठा असे दोन्ही आवाज देणारें एक वाद्य नोंदलेलें आहे. इटालियन भाषेंत 'पियानो' म्हणजे मंद व 'फोर्ते' म्हणजे मोठा; याच जोडनांवाचा पुढें संक्षेप झाला. पुढें सन १७११ मध्यें शिपिओने माफ्फेई या विद्वानानें व्हेनिस येथील एका नियतकालिकांत या वाद्याचें आकृतीसह वर्णन प्रसिद्ध केलें.

क्रिस्टोफोरी हा मूळचा पादुआचा. त्याचा जन्म सन १६५५ चा व मृत्यु सन १७३१ चा. सन १६८८ मध्यें तो फेर्दिनान्दोच्या पदरीं राहिला. नवीं वाद्यें करणें हा त्याच्या चाकरीचा एक भाग झाला. वाड्यांतील जुनीं वाद्यें लावणें, मोडलेलीं दुरुस्त करणें व एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं नेणें हींही कामें त्याच्याकडे होतीं, व त्याबद्दल त्यानें दरबारास दिलेले हिशेब उपलब्ध आहेत. सन १७१६ मध्यें या वाद्यसंग्रहाची देखरेख त्याजकडे सोंपविण्यांत आली. म्हणजे ज्यानें पियानो शोधून काढिला तो मनुष्य चाकरीनें वाद्यांची निगा राखणाराच होता.

त्याच्या आधींच्या हार्पसिकॉर्ड नामक वाद्यांत पक्ष्याच्या पिसाचा दांडा तार छेडून जात असे. पट्टी हलकी दाबा वा जोरानें दाबा, आवाज बहुतेक सारखाच निघे. क्रिस्टोफोरीनें पिसाच्या जागीं हातोडी आणिली. बोटाचा जोर जितका, तितका तिचा आघात. व आघात होतांच ती आपोआप मागें पडून तार मोकळी सोडीत असे. या हातोडीचें डोकें त्यानें कशाचें केलें होतें हें हस्तलिखितांच्या संग्राहकांस मौजेचें वाटेल. कागदाची पट्टी वळी करून सरसानें चिकटवावयाची व आघाताच्या जागीं वर चामड्याची पट्टी बसवावयाची, अशी ती रचना होती. पियानोच्या पोटांत कागद होता तो असा प्रारंभापासूनच.

(३)

आजच्या पूर्ण मापाच्या पियानोंत ८८ पट्ट्या व सुमारें २२० ते २३० तारा असतात. खर्जांतील स्वरांस एकेक किंवा दोन-दोन व मधल्या आणि वरच्या स्वरांस तीन-तीन तारा लावलेल्या असतात. तंबोऱ्याप्रमाणें येथेंही तार घोडीवरून जाते व घोडी तबलीवर दाब देते. तबली ही पातळ फळ्या जोडून केलेली व किंचित् फुगीर असते. तारेचें एक टोंक पोलादी खुंटीभोंवतीं गुंडाळलेलें असून ती खुंटी कठीण लांकडाच्या फळींत ठोकून बसविलेली असते. तिला धरून ठेवणारें दुसरें कांहीं नसतें. लांकडाची पकड हाच सर्व आधार. मोठ्या पियानोंतील सर्व तारांचा एकंदर ताण सुमारें वीस टन भरतो. हा ताण बिडाच्या सांगाड्यावर पेललेला असतो. असा अखंड ओतीव सांगाडा वाद्यांत बसविण्याचा हक्क बोस्टन येथील आल्फियस बॅब्कॉक यानें सन १८२५ मध्यें नोंदविला. त्यापूर्वींच्या पियानोंत ताण मुख्यतः लांकडावरच असे, व तो आजच्या मानानें पुष्कळ कमी असे.

अशा वाद्याच्या निगेचीं कामें चार. पहिलें स्वर लावण्याचें. दुसरें यंत्र जुळविण्याचें. म्हणजे पट्टी किती खोल दबावी, हातोडी तारेपासून किती अंतरावर सुटावी, तार मुकी करणारी गादी केव्हां उचलावी, हें सर्व पट्ट्यांस सारखें करणें. आडव्या पियानोंत पट्टी सुमारें दहा मिलिमीटर दबते व हातोडी तारेपासून दीड ते तीन मिलिमीटरांवर सुटते. तिसरें काम आवाज घडविण्याचें. तंबोऱ्याची जवारी काढतांना कारागीर घोडीचा पृष्ठभाग कानसून आवाजाचा गोडवा ठरवितो. पियानोंत तेंच कार्य हातोडीच्या नमद्यावर होतें. नमदा सुयांनीं टोंचला म्हणजे आवाज मऊ होतो, व कानसून त्याचे दबलेले थर काढले म्हणजे उजळ होतो. चामड्याऐवजीं नमदा वापरण्याची युक्ति पॅरिस येथील ज्यां-आंरी पाप यानें सन १८२६ च्या सुमारास प्रचारांत आणिली. चौथें काम दुरुस्तीचें. तुटलेली तार, सैल खुंटी, फुटलेली तबली, कसरीनें खाल्लेला नमदा यांच्या जागीं नवें घालणें.

या चार कामांत एक भेद आहे व आमच्या सर्व विवेचनाचा आधार तोच आहे. पहिल्या दोन कामांत वाद्याचा कोणताही अंश नाहींसा होत नाहीं. लावलेला स्वर पुन्हा उतरवितां येतो, फिरविलेला स्क्रू पुन्हा मागें आणितां येतो. नंतरच्या दोन कामांत मात्र जें गेलें तें गेलें. कानसलेला नमदा पुन्हा भरत नाहीं, फेंकलेली तार परत मिळत नाहीं.

(४)

आतां पहिल्या कामाकडे वळूं. सतार किंवा सारंगी लावणारास जो षड्ज हवा तो धरून त्याच्याशीं शुद्ध स्वर मिळवितां येतात. पियानोस तसें करितां येत नाहीं, कारण त्याची कोणतीही पट्टी षड्ज म्हणून घेतां आली पाहिजे. येथें गणिताची अडचण येते. षड्ज-पंचम भावानें एकामागून एक बारा पायऱ्या चढून गेलें तर मूळ स्वराच्या सात सप्तकें वरच्या स्वरावर आपण पोंचावें अशी अपेक्षा असते. पण त्या स्वराची कंपनें मूळच्या १२८ पट हवीं असतां तीं १२९.७५ पट भरतात. हा वाढावा अर्ध्या स्वराच्या चौथाईहून किंचित् कमी आहे. तो कोठें तरी जिरविलाच पाहिजे. तो बाराही पंचमांत सारखा वांटून दिला म्हणजे सप्तकाचे बारा समान भाग होतात; यास आपण समविभक्त सप्तक म्हणूं. त्यांत प्रत्येक पंचम शुद्धाहून अगदीं थोडा उतरा असतो, परंतु तीव्र म्हणजे मोठा गांधार शुद्धाहून बराच चढा होतो. हार्मोनियमच्या गांधाराविरुद्ध आपल्याकडील गवयांची जी तक्रार असे, तिचें मूळ हेंच आहे.

पियानो लावणारा हें गणित कानानें करितो. दोन तारा जवळजवळ मिळाल्या, पण पूर्ण मिळाल्या नाहींत, म्हणजे आवाजांत लहर उठते. ती सेकंदास किती वेळां उठते हें तो मोजतो. प्रथम स्वरशूलावरून, म्हणजे लावण्याच्या पोलादी चिमट्यावरून, एक तार मिळवावयाची. एका स्वराच्या तीन तारांपैकीं दोन नमद्याच्या पट्टीनें मुक्या करून ठेवावयाच्या. मग मधल्या सप्तकांतील बारा स्वर पंचम, मध्यम व गांधार यांच्या लहरी मोजून एकमेकांशीं जुळवावयाचे. उदाहरणार्थ, मधल्या पांढरी एकच्या खालील पांढरी चार व त्याच्या वरील पांढरी एक यांचा पंचम दहा सेकंदांत सुमारें सहा लहरी देतो. तीच पांढरी चार व तिच्या वरची पांढरी सहा यांच्या गांधारांत लहरी सेकंदास सुमारें सात येतात. पाया असा बसला म्हणजे तेथून वर-खालीं एकेक सप्तक लावीत जावयाचें. परंतु पोलादी तार ताठ असल्यामुळें तिच्यांतून निघणारे वरचे उपस्वर गणिताहून थोडे चढे असतात, म्हणून सप्तकेंही थोडीं ताणून घ्यावीं लागतात. किती ताणावीं हें प्रत्येक वाद्याच्या तारांवर अवलंबून असल्यामुळें सर्व वाद्यांस लागू पडणारें एकच कोष्टक करितां येत नाहीं.

ही समविभक्त पद्धति गणितज्ञांस फार पूर्वीं ठाऊक होती. चीनमधील राजपुत्र झू झाइयू यानें सन १५८४ मध्येंच तिचें गणित मांडिलें होतें. पण ती प्रत्यक्ष पियानोवर केव्हां आली हा प्रश्न वेगळा, व त्याचें उत्तर पियानो लावणारांच्याच इतिहासांत शोधावें लागतें. लंडन येथील ब्रॉडवुड यांच्या कारखान्यांत आल्फ्रेड जेम्स हिप्किन्स (१८२६–१९०३) हा सन १८४० मध्यें पियानो लावण्याचें काम शिकण्यास उमेदवार म्हणून लागला. सन १८४६ मध्यें कारखान्यांतील लावणारांस समविभक्त पद्धति शिकविण्याचें काम त्याच्याकडे देण्यांत आलें. सन १८४८ मध्यें शोपँ इंग्लंडांत आला तेव्हां त्याचीं वाद्यें यानेंच लाविलीं. पुढें अलेक्झांडर जॉन एलिस या विद्वानानें स्वर मोजण्यासाठीं सप्तकाचे १२०० सेंट कल्पिले व सन १८८५ मध्यें निरनिराळ्या राष्ट्रांच्या स्वरसप्तकांवर निबंध प्रसिद्ध केला. या कामांत गणित एलिसचें व कान हिप्किन्सचा होता. त्या निबंधांत हिंदुस्थानी सप्तकाचाही विचार आहे. राजा रामपालसिंह यांनीं वाजविलेल्या सतारीचे स्वर त्यासाठीं मोजण्यांत आले होते. आपल्या महाराष्ट्रांत सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं सन १९१० मध्यें बावीस श्रुतींवर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, तो याच मोजणीशास्त्राच्या पायावर उभा आहे.

एलिसनें लंडनमधील उत्तम लावणारांचें कामही मोजून पाहिलें. त्यांत कोणाचेंही काम गणिती समविभागणीशीं तंतोतंत जुळलें नाहीं. प्रत्येकाचा कल थोडा थोडा निराळा निघाला. एकाच पोथीच्या दोन नकलांत जसे पाठभेद यावे तसाच हा प्रकार होय. यावरून एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतील पियानो त्या काळीं आजच्याच सप्तकांत लावला जात होता असें गृहीत धरून चालूं नये.

(५)

सप्तकाची विभागणी हा एक प्रश्न. सप्तक मुळांत किती उंचीवर बसवावें हा दुसरा. आज पांढरी सहा ही सेकंदास ४४० कंपनांवर धरितात. हें प्रमाण सन १९३९ च्या लंडन येथील परिषदेंत ठरलें. त्याआधीं ठिकठिकाणीं व काळोकाळीं निरनिराळीं प्रमाणें होतीं. स्वरशूल ही वस्तु जॉन शोर नांवाच्या इंग्रज वादकानें सन १७११ मध्यें शोधून काढिली. हँडेल या संगीतकाराचा म्हणून सन १७५१ मधील जो स्वरशूल प्रसिद्ध आहे त्याची कंपनें ४२२.५ भरतात. फ्रान्सच्या सरकारनें सन १८५९ मध्यें ४३५ हें प्रमाण कायद्यानें ठरविलें. इंग्लंडांत त्याच शतकाच्या मध्याच्या सुमारास स्वर चढत जाऊन ४५२ च्या पलीकडे गेला, व शतकाच्या अखेरीस पुन्हा ४३९ वर उतरविण्यांत आला. जुन्या पियानोबरोबर एखादा स्वरशूल पेटींत सांपडला तर तो खेळणें समजून टाकून देऊं नये. वाद्याचा मूळ स्वर सांगणारा तोच एकटा साक्षीदार असण्याचा संभव असतो.

वाद्याच्या जिवावर बेततें तें याच ठिकाणीं. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. म्हणून ४३० वर राहिलेला पियानो ४४० वर चढविला तर ताण शेंकडा पावणेपांचांनीं वाढतो, व अर्धा स्वर चढविला तर शेंकडा बारांहून अधिक वाढतो. बिडाच्या सांगाड्यास हें सोसतें. शंभर-दीडशें वर्षांच्या लांकडी सांगाड्यास तें सोसेलच असें नाहीं. तबली फुटते, खुंट्यांची फळी चिरते, कधीं सर्व पेटीच पीळ खाते. स्वर लावण्याच्या कामांत वाद्याचा अंश नाहींसा होत नाहीं असें आम्हीं वर म्हटलें, तें वाद्य आपल्या मूळ उंचीवर राखलें असेल तरच खरें. वाद्य मुळांत कोणत्या उंचीसाठीं घडविलें होतें याची चौकशी न करितां जो लावणारा एकदम ४४० चा स्वरशूल वाजवूं लागतो, त्याचा कान कितीही चांगला असला तरी जुनें वाद्य त्याच्या हातीं देऊं नये.

(६)

हार्पसिकॉर्डच्या काळीं वाजविणाराच बहुधा आपलें वाद्य लावीत असे. पियानोच्या तारा वाढल्या, जाड झाल्या, ताण वाढला, तसें हें काम हौशी मनुष्याच्या आटोक्याबाहेर गेलें व स्वतंत्र धंदा झाला. या धंद्याच्या इतिहासांत अंध कारागिरांचें स्थान मोठें आहे. क्लोद मोंताल (१८००–१८६५) हा फ्रेंच गृहस्थ लहानपणींच अंध झाला. पॅरिसच्या अंधशाळेंत शिकत असतां त्यानें एका अंध सोबत्याच्या साह्यानें जुना पियानो खोलून, हातांनीं चांचपून, त्याची रचना समजून घेतली. पुढें त्याच शहरांत त्यानें लावणारा व कारखानदार म्हणून लौकिक मिळविला, व सन १८३६ मध्यें पियानो लावण्याच्या कलेवर ग्रंथ लिहिला. लंडन येथें सन १८७२ मध्यें स्थापन झालेल्या अंधांच्या महाविद्यालयांतही हा धंदा शिकविण्यांत येत असे. मोंतालचा ग्रंथ आपलें वाद्य आपणच लावूं पाहणारांसाठीं लिहिलेला असल्यामुळें त्या काळीं लावणारा काय करीत असे हें त्यांत पायरीपायरीनें आलें आहे, व म्हणून आज तो इतिहासाचें साधन झाला आहे.

(७)

आतां वाद्याच्या आंत काय वाचावयाचें तें पाहूं. पहिला पुरावा कारखान्याच्या अनुक्रमांकाचा. तो खुंट्यांच्या फळीवर, तबलीवर, सांगाड्यावर किंवा पहिल्या पट्टीच्या कडेवर असतो. ज्या कारखान्यांचीं दप्तरें टिकलीं आहेत त्यांच्या वाद्यांचें साल, कांहीं वेळां प्रथम घेणाराचें नांवही, या अंकावरून मिळतें. ब्रॉडवुड यांचें दप्तर इंग्लंडांतील सरे परगण्याच्या इतिहास-केंद्रांत आहे. दुसरा पुरावा हातांच्या खुणांचा. पट्ट्या बाहेर काढल्यास त्यांच्या कडांवर, हातोड्यांच्या चौकटीवर, क्वचित् तबलीवर शिसपेन्सिलीनें केलेल्या सह्या व तारखा दिसतात. कारखान्यांत ज्यानें यंत्र जुळविलें त्याची, व पुढें ज्यानें वाद्य लाविलें वा दुरुस्त केलें त्याची ही सही असते. पोथीच्या अखेरीस लेखक आपलें नांव, शक व स्थळ लिहितो, त्याच जातीचा हा लेख. तिसरा पुरावा जिनसांचा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंतच्या पियानोंत वरच्या स्वरांस लोखंडी व खर्जास पितळी तारा असत. पोलादी तारा पुढें आल्या. तारेची जाडी दाखविणारे अंक कारागीर कित्येकदां खुंट्यांच्या फळीवर वा घोडीवर लिहून ठेवीत. लिहिलेला अंक व लावलेली तार यांत फरक असला तर तार मागाहून बदलली आहे हें उघड होतें. मूळच्या खुंट्यांत एखादी अधिक जाड खुंटी दिसली तर त्या जागीं लांकडाची पकड गेली होती हें कळतें.

असा पुरावा एकत्र आल्यास काय होतें याचें प्रसिद्ध उदाहरण बेथोव्हेनच्या पियानोचें. टॉमस ब्रॉडवुड यानें सन १८१७ च्या अखेरीस हा पियानो लंडनहून व्हिएन्नास भेट म्हणून धाडिला. पाठवणीची नोंद कारखान्याच्या वह्यांत आहे, व वाद्यावर लंडनमधील कांहीं नामांकित वादकांच्या सह्या आहेत. सन १८२४ मध्यें बेथोव्हेनच्या भेटीस गेलेला योहान आंद्रेआस स्टुंप्फ यानें या वाद्याची दुर्दशा नोंदून ठेविली आहे. वरच्या स्वरांत आवाज उरला नव्हता व तुटलेल्या तारा एकमेकींत गुंतल्या होत्या. हेंच वाद्य पुढें लिझ्टकडे आलें व त्याच्याकडून बुडापेस्टच्या राष्ट्रीय संग्रहालयांत गेलें. तेथें तें आजही आहे. वही, सही, पाहणाराची साक्ष व प्रत्यक्ष वस्तु हीं चारही साधनें एकमेकांस पुष्टि देतात अशीं उदाहरणें कागदपत्रांच्या क्षेत्रांतही थोडीं.

(८)

उलट पुरावा कसा नाहींसा होतो हें क्रिस्टोफोरीच्याच वाद्यांवरून दिसतें. त्यानें केलेले तीनच पियानो आज शिल्लक आहेत. सन १७२० चा न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयांत, सन १७२२ चा रोम येथील वाद्यसंग्रहालयांत व सन १७२६ चा लाइप्झिग विद्यापीठाच्या संग्रहांत आहे. यांपैकीं न्यूयॉर्कचा सर्वांत जुना व वाजूं शकणारा. पण त्याची तबली सन १९३८ मध्यें बदलण्यांत आली, व त्याच्या स्वरांची मर्यादाही मागाहून सुमारें अर्ध्या सप्तकानें सरकविली गेली आहे. रोमचा पियानो किडीनें पोखरलेला असून वाजत नाहीं. लाइप्झिगचाही आतां वाजविण्याच्या स्थितींत नाहीं. म्हणजे जो बोलतो त्याच्या साक्षींत दुसऱ्याचे शब्द मिसळले आहेत, व ज्यांत मिसळ कमी ते मुके आहेत. सन १९३८ मधील कारागिरांस दोष देण्याचें कारण नाहीं; वाद्य वाजतें करणें हेंच त्या काळीं त्याचें रक्षण समजलें जाई. परंतु सन १७२० ची मूळ तबली आतां कोणासही पाहतां येणार नाहीं, हें खरेंच. यासाठीं अलीकडील जाणते कारागीर मूळ वाद्य जसेंच्या तसें ठेवून त्याची मोजून प्रतिकृति करितात व ती वाजवितात. जीर्ण पोथी पेटींत ठेवून नक्कल पठणास घ्यावी, तोच हा न्याय.

(९)

युरोपांतील या अनुभवास आपल्याकडे हवेची भर पडते. मुंबई व कोंकणपट्टींत पावसाळ्यांत हवेंतील दमटपणा शेंकडा ८० च्या वर जातो, तर देशावर उन्हाळ्याच्या दुपारीं हवा अत्यंत कोरडी होते. दमट हवेंत तबली फुगते, घोडी वर उचलली जाते व मधल्या सप्तकांचे स्वर चढतात. हवा कोरडी झाली म्हणजे तेच स्वर उतरतात, तबलीच्या फळ्यांचे सांधे उघडतात व खुंट्या सैल होतात. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानें तारा गंजतात, ओलीनें सरस सुटतो, पट्ट्या अडकतात, व नमद्यास कसर लागते. म्हणून पियानो बाहेरील भिंतीस टेंकून किंवा उघड्या खिडकीखालीं ठेवूं नये. त्याच्या पायांखालीं वाळवीची तपासणी वरचेवर व्हावी. वर्षांतून दोनदां, पावसाळा सरल्यावर व उन्हाळ्याच्या आरंभीं, तो जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावा. दमटपणा शेंकडा ४५ ते ५० च्या आसपास राहील तर उत्तम. पण नेमका आंकडा साधण्यापेक्षां तो एकदम चढूं-उतरूं न देणें अधिक महत्त्वाचें आहे. पोथ्यांच्या खोलीस जो नियम, तोच येथें लागू.

(१०)

ज्यांच्या संग्रहीं असें वाद्य आहे त्यांनीं कारागीर बोलावण्यापूर्वीं पुढील गोष्टी कराव्या अशी आमची सूचना आहे. प्रथम वाद्याची आहे त्या स्थितींत छायाचित्रें घ्यावींत. अनुक्रमांक, सह्या, अंक व जुन्या चिठ्ठ्या उतरवून घ्याव्यात. नंतर कोणत्या तारा सध्यां कोणत्या स्वरावर आहेत हें टिपून ठेवावें. कारागिरास एवढेंच विचारावें कीं, तूं काय काढणार, काय घालणार व जें घातलेंस तें पुन्हा काढतां येईल काय. जोडणी सरसानें करावी. गरम पाण्यानें सरस सुटतो, आधुनिक रासायनिक डिंक सुटत नाहींत. पोथीस खळ कां लावितात हें जाणणारास याचें कारण सांगावयास नको. हस्तिदंती पट्ट्यांचा पिंवळेपणा घांसून काढूं नये. जें काढावें लागेल, मग तो तारेचा वीतभर तुकडा असो वा झिजलेली हातोडी, तें कोणत्या पट्टीचें हें लिहून पिशवींत घालून वाद्याबरोबरच ठेवावें. वाद्य आपल्या मूळ उंचीवर टिकत असेल तर तेथेंच राखावें. टिकत नसेल तर थोडें खालीं लावावें, वर चढवूं नये. आणि प्रत्येक खेपेस काय केलें, कोणी केलें व कोणत्या दिवशीं केलें याची वही ठेवावी.

शेवटची गोष्ट सर्वांत सोपी व सर्वांत दुर्लक्षित आहे. क्रिस्टोफोरीनें दरबारास दिलेले हिशेब टिकले म्हणून त्याच्या कामाचें स्वरूप आज तीनशें वर्षांनीं कळतें. आपल्या घरांतील पियानो लावणारांपैकीं बहुतेकांचीं नांवें त्यांनीं पट्टीच्या कडेवर केलेल्या पेन्सिलीच्या रेघांपलीकडे कोठेंही उरलेलीं नाहींत. वाचकांपैकीं कोणास अशा सह्या, तारखा अथवा दुरुस्तीच्या पावत्या आढळल्यास त्यांनीं त्या पुसूं अगर टाकूं न देतां त्यांची नक्कल करून ठेवावी, व शक्य झाल्यास ती आमच्याकडे पाठवावी. पुरेशा नकला जमल्यास मुंबई इलाख्यांतील व गोमंतकांतील या कारागिरांची एक यादी सिद्ध करितां येईल.